रॉनच्या गोळ्याला पाय लागला

२०१२ साली मुंबई विमानतळाच्या दारात आईचा पाय माझ्या लॅपटॉपच्या बॅगेला लागला. मागे ट्रॉल्या खोळंबलेल्या, तरी ती वाकली, बॅगेला हात लावून कपाळाला नेला आणि मगच म्हणाली, "हं, जा आता." मी चिडले. रडण्यापेक्षा चिडणं सोपं असतं, हे देशाबाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. चिंचवडला राहिलेल्यांना आज सांगते.

सहा वर्षांनी बाबा गेले आणि मी आईला इथे परदेशात, माझ्या लोअर हट गावी आणलं. तोवर मी इथली झाले होते. कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणायचे, 'मस्त' म्हणायच्या जागी ऊठसूट "स्वीट अ‍ॅज" म्हणायचे. आई दिवसभर खिडकीपाशी. "तुझं छान चाललंय गं. मला पोचव परत." शेवटी तिकीट काढलं. चिंचवडच्या त्या बंद घरात ती एकटी जेवायला बसणार, या विचाराने माझी झोप उडाली.

तेवढ्यात शेजारच्या शेरिलने तिला बोल्स क्लबात नेलं. खेळ साधा: लांब हिरवळीवर एक छोटा पांढरा गोळा, किटी; आपला मोठा गोळा घरंगळवत तिच्या जवळात जवळ न्यायचा. पण मोठे गोळे मुद्दाम एका अंगाला वळणारे असतात, त्यामुळे किटीवर नेम धरला की हुकलंच. आईला ही खोडी फार आवडली. इथे सगळेच घरंगळत्या गोळ्याला ओरडून समजावतात, त्यामुळे तिचं "वळ रे, वळ बाळा!" कुणाला खटकलं नाही. पंजाबी ड्रेसवर सपाट तळव्यांचे बूट घालून ती शनिवारची वाट बघू लागली. तिकिटाबद्दल मात्र अवाक्षर नाही. "राहतेस का?" असं मीही विचारलं नाही. नकार ऐकायची भीती वाटत होती.

गुरुवारी विमान होतं. आधीच्या शनिवारी रॉनच्या टीमशी सामना. रॉन म्हणजे क्लबातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात अबोल खेळाडू. शेवटच्या फेरीपर्यंत बरोबरी. किटीच्या दोन बाजूंना आईचा हिरवा आणि रॉनचा काळा गोळा, जवळचा कुठला ते डोळ्यांना कळेना. शेरिल मोजायची टेप काढत होती. जागा द्यायला आई मागे सरली आणि तिच्या टाचेचा काळ्या गोळ्याला निसटता स्पर्श झाला. गोळा हलला नव्हता. पण आई वाकली, त्याला हात लावला, हात कपाळाला नेला, आणि तो घरंगळला.

मोजण्याआधी गोळ्याला हात लावायचा नाही, हे इथे पोरासोरांनाही माहीत. आईचं तोंड पांढरंफटक पडलं. आता ही पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही, मला वाटलं. रॉन संथ चालत आला. मी अडखळत सांगितलं, की आमच्याकडे पाय लागला की माफी मागतात. "बॉलची?" त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याने गोळा उचलून मूळ जागी ठेवला. आईकडे बघून, "बरोबर आहे ना?" असं खुणेने विचारलं. तिने हो म्हटलं. शेरिलने मोजलं. रॉन जिंकला.

आई बाकावर जाऊन बूट सोडायला लागली. "चल, घरी जाऊ," म्हणाली. कुठलं घर, हे मी विचारू शकले नाही. तेवढ्यात रॉन तिच्यासाठी चहा घेऊन आला. आईला ती कीव वाटली, ती कप घेईना. शेरिल म्हणाली, "इथे जिंकणारा हरणाऱ्याला पाजतो. नेहमीच." मी मराठीत सांगितलं. आईने कप घेतला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"पाणचट आहे," ती मला म्हणाली. "पुढच्या शनिवारी ह्याला चहा मी पाजणार."

पुढच्या शनिवारी! मी हिरवळीकडे तोंड फिरवून रडले, यावेळी न चिडता.

आता ती इथल्या उन्हाळ्यात इथे आणि इथल्या थंडीत चिंचवडला असते. गोळ्यांची पिशवी माझ्या दारामागे ठेवून जाते. परवा घाईत त्या पिशवीला माझा पाय लागला. ट्रेन चुकत होती, तरी मी वाकले. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं, तर मी आता त्या दाराचा पत्ता देते.