शहाद्याच्या रंगाऱ्याने निवडलेले कॉलेज

भुसावळहून सुरतेला जाणाऱ्या गाडीने मला सकाळी अकराला नंदुरबारला उतरवले. पश्चिम खानदेशावर आमच्या पुण्याच्या वृत्तपत्रासाठी चार मजकूर लिहायचे होते. शहाद्याच्या एका शिक्षकमित्राने आणखी एक काम दिले होते. त्याचा विद्यार्थी कासम मॅट्रिक झाला होता. त्याला रसायनशास्त्रात बी.एस्‌सी. आणि पुढे एम.एस्‌सी. करायचे होते. कोणत्या कॉलेजात जावे ते ठरत नव्हते आणि अर्जाला दोनच दिवस उरले होते. मी कॉलेजांची माहितीपत्रके आणली होती.

नंदुरबारहून शहाद्याकडे नेणारी मोटार तापीच्या काठी थांबली. पलीकडे प्रकाशा गावी नावेतून उतरताना मी घाई केली आणि माहितीपत्रकांचा गठ्ठा पाण्यात गेला.

"साहेब, कागदेसले बी आंघोळ घाली दिनी!" नावाडी गठ्ठा बाहेर काढत म्हणाला.

शहाद्यात कासमचे वडील करीमभाई रंगारी यांनी ती पाने रंगवलेल्या लुगड्यांशेजारी दोरीवर वाळत घातली. मागे सातपुड्याची निळी रांग दिसत होती. मी पुण्याच्या कॉलेजाची शिफारस केली. इमारत, ग्रंथालय, निकाल, सारे सांगितले.

"बठ्ठं (सगळं) खरं," करीमभाई म्हणाले. "पन तठे नळी कोन धरस?"

मी दोरीवरची पाने चाळली; प्रयोगशाळेत परीक्षानळी कोण हाताळते, हे कुठेच छापलेले नव्हते.

रंगारी ओल्या कापडावरून रंग ठरवत नाही. आधी एक चिंधी रंगवतो, सावलीत वाळवतो, मग लिंबू आणि सोडा लावून घासतो. करीमभाईंनी हाच रिवाज कॉलेजांना लावला. गावातले दोन विद्यार्थी सुट्टीत घरी आले होते. दोघांना बोलावणे गेले.

पहिला मुंबईच्या एका कॉलेजातला. त्याचे हात स्वच्छ होते.

"नळी सर धरतस, चाचा. आम्ही बाकवरथीन दखतस (बघतो)."

दुसरा बडोद्याचा. त्याची बोटे काळपट तपकिरी होती. करीमभाईंनी ती लिंबाने घासली, मग सोड्याने.

"चाचा, चामडी निंघी जाई!"

"रंग कसाना शे (कशाचा आहे)?"

"चांदीना क्षारना. रोज आम्हीच नळ्या धरतस. आठ दिन जात नही."

"पक्का शे!" करीमभाई खूश होऊन म्हणाले. "कासम, बडोदाले अर्ज लिख."

एका मुलावरून कॉलेज ठरवावे का, असे मी विचारले.

"चिंधी एकच रंगाडतस, साहेब."

कासम उडी मारून उठला. निळीचे घंगाळ कलंडले आणि माझे धोतर गुडघ्यापर्यंत निळे झाले.

"हाऊ बी पक्का शे," करीमभाईंनी सांगितले. सगळे हसले; मीही. दुपारी आमरस आणि मांडे (खापरावर भाजलेली मोठी पुरणपोळी) झाले. अर्ज त्याच दिवशी टपालात पडला.

महिन्याभराने पुण्यात कासमचे कार्ड आले. प्रवेश मिळाला होता. पहिल्याच आठवड्यात त्याने दोन नळ्या फोडल्या होत्या, आणि हे त्याने मोठ्या अक्षरांत कळवले होते.

कॉलेजांविषयी मी दहा वर्षे लिहीत आलो. निकाल छापले, इमारतींची वर्णने केली, प्रयोगशाळेच्या दारातून आत मात्र गेलो नाही. कार्ड वाचून मी जवळच्या एका कॉलेजात गेलो आणि किती विद्यार्थ्यांमागे एक बर्नर आहे, असे विचारले. कारकुनाने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"आम्हाला सध्या बर्नर घ्यायचे नाहीत," तो म्हणाला. "दिवाळीनंतर या."