दीड महिन्याचा श्रावण

आमच्या घरी रविवारचं मटण फत्तेसिंगदादा करतो, असं अर्ध्या देवासाला वाटतं. कांदा मालनवहिनी चिरते, खोबरं ती भाजते, वाटण ती करते, कणीक ती मळते आणि शेवटी बुडाला लागलेलं पातेलंही तीच घासते. मधल्या वेळात दादा परसातल्या चुलीपाशी खुर्ची टाकून बसतो आणि पळी फिरवतो. मटण घरातल्या गॅसवर चढवायचं नाही, बाहेरच शिजवायचं, हा आमचा जुना रिवाज. बाहेर म्हणजे बाप्यांचं काम, हे त्यातूनच कधीतरी ठरलं असावं. लोक जेवून जाताना दादाच्या हाताची तारीफ करतात आणि तो ती बिनदिक्कत घेतो.

मी दादाची धाकटी बहीण. मला देवासातच दिली, दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे रविवारी मी माहेरी असतेच आणि हे सगळं डोळ्यांनी बघते. आधी पुरुषांची पंगत. त्यांचे ग्लास, त्यांचे किस्से, मग पहिली वाढ, मग दुसरी वाढ. वहिनी तव्यापाशी उभी राहून पोळ्या पाठवत असते. शेवटी आम्ही बायका बसतो, तेव्हा पातेल्यात रस्सा आणि नळ्या उरलेल्या असतात. वहिनी तर माझ्याही नंतर बसते. जेवताना कुणाचा फोन आला तर ती "काही नाही, बोला" म्हणते आणि उठते. गार पोळी मोडून रश्शात बुडवणारी वहिनी मी इतकी वर्षं बघतेय की ती गरम जेवताना कशी दिसेल, हे मला सांगता आलं नसतं.

तिचं माहेर धारचं. नोकरी सोनकच्छच्या सरकारी शाळेत, मास्तरीणबाई. रोज सकाळची बस, दुपारची बस, आणि घरी आल्यावर पदर खोचून पुन्हा ड्युटी. या मार्चमध्ये ती रिटायर झाली. शाळेनं शाल आणि नारळ दिला. त्या रात्री जेवणं झाल्यावर दादा मोठ्या मनानं म्हणाला, "बोल, तुला काय पाहिजे?"

त्याला वाटलं, साडी म्हणेल. वहिनी म्हणाली, "मला समुद्राकाठी जायचंय. दोनच दिवस. मासे खायचेत, गरम असताना. आणि ती वाइन म्हणतात ना, तिचा एक ग्लास. आणि माझं पान सगळ्यांत आधी वाढलं पाहिजे."

दादाला ठसकाच लागला. "अरे भिया," तो भिंतीलाच भाऊ म्हणत असल्यासारखं म्हणाला, "मास्तरीणबाई वाइन पिणार. अगं, ओंकारेश्वरला जाऊन ये. नर्मदा पण पाणीच आहे."

"नर्मदेकाठी तुम्ही मला पोळ्याच करायला लावाल," वहिनी म्हणाली.

माझा भाऊ वाईट नाही, हे मी सांगून ठेवते. पण त्याला हसायला आलं की थांबता येत नाही, आणि वहिनीच्या मनातल्या गोष्टीवर हसलेलं मला सहन होत नाही. मी तिथंच जाहीर केलं की मीही येणार.

मग तयारी सुरू झाली. आमची सून रुची सरदारपूरच्या राजपूत घरची. ती आणि दादाचा मुलगा शुभंकर इंदूरला नोकरीला, रविवारी येतात. फोनवर काय वाटेल ते शोधून काढण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. तिनं वेंगुर्ल्याला परुळेकरबाईंचं घर शोधलं. मागचं दार उघडलं की माड आणि माडांपलीकडे समुद्र. इंदूरहून विमानानं गोवा, तिथून गाडीनं वर. वहिनीनं तारखेचं एवढंच सांगितलं होतं, "श्रावण संपल्यावरचा पहिला वीकेंड बघ." रुचीनं बघितला आणि परत न मिळणाऱ्या पैशांची तिकिटं काढून मोकळी झाली.

वाइनची तर आम्ही रंगीत तालीमही केली. रुचीनं इंदूरहून उंच दांड्याचे ग्लास आणले होते. त्यांत गुलाबाचं सरबत ओतून आम्ही तिघी स्वयंपाकघराचं दार लावून बसलो. रुची शिकवत होती, "मम्मी, ग्लास को नीचे से पकडायचं, वरून नाही. पहले सूंघना, फिर छोटासा घोट." वहिनीनं डोळे मिटून वास घेतला आणि गंभीरपणे सांगितलं की सरबत जुनं झालंय. आम्ही इतक्या हसलो की आई काठी टेकत बघायला आल्या. आई म्हणजे इंदिराबाई, आमच्या मातोश्री, वय ऐंशीच्या पुढं. दरबारच्या काळातलं वळण. वहिनी त्यांना अजून आईसाहेब म्हणते. आईंनी ग्लास बघितले, आम्हाला बघितलं आणि परत गेल्या. 

आता पुढचं कळायला आमच्याकडचा एक घोळ सांगायला हवा. इकडच्या हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्या मराठी पंचांगात अमावास्येला. त्यामुळे इकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि राखीला संपतो. आपला श्रावण राखीनंतरही पंधरा दिवस चालू असतो. ज्या गावात एकाच संस्थानाच्या दोन वाटण्या होऊन रस्त्याच्या एका बाजूला थोरल्या पातीचा राजा आणि दुसऱ्या बाजूला धाकट्या पातीचा नांदला, तिथं दोन श्रावण सुखानं नांदतात. घरोघरी ज्यानंत्यानं आपली सोय लावून घेतलीय. वहिनीची सोय अशी की शाळेतल्या बाया सावन धरायच्या, डबे एकत्र खायच्या, म्हणून ती त्यांच्याबरोबर सुरू करायची. आणि घरी आईंचा मराठी श्रावण, म्हणून त्यांच्याबरोबर संपवायची. दीड महिना. शाळा सुटली तरी तिची ती सवय सुटली नाही.

दादाची सोय तुम्ही ओळखली असेलच. गटारीपर्यंत तो पक्का मराठा. "आपला श्रावण कुठं लागलाय अजून?" आणि राखी बांधून झाली की पक्का माळवी. "सावन तो खतम हो गया, भिया." त्याचा श्रावण पंधरा दिवसांचा.

यंदा गटारीची अमावास्या रविवारी आली. परसात चूल पेटलेली, पातेलं रटरटतंय, दादाच्या हातात ग्लास, दोन मित्र सोबतीला. वहिनी आणि रुची सावन धरून बसलेल्या, म्हणून त्यांना त्यातलं काही खायचं नव्हतं. वाटण मात्र वहिनीनंच केलं होतं. पोळ्या करता करता तिला वाटलं, परुळेकरबाईंना फोन करून जेवणाचं ठरवून टाकावं. हात पिठाचे, म्हणून रुचीनं फोन स्पीकरवर ठेवला.

वहिनीनं हौसेनं सगळं सांगितलं. भरलेले बांगडे, कोळंबी, सुरमई मिळाली तर सुरमई. 

"अहो ताई," परुळेकरबाई म्हणाल्या, "तुम्ही येताय तेव्हा श्रावण असणार. आमच्या घरात श्रावणात मासा शिजत नाही. मला वाटलं तुम्ही मराठी माणसं, शाकाहारीच जेवायला येताय. तुमच्याकडे नसतो का श्रावण?"

वहिनीच्या हातातलं लाटणं थांबलं. रुचीनं कपाळाला हात लावला. "मम्मी, मैंने तो राखी देखके बुक किया. हमारे यहाँ तो राखीला खतम होतो." तिकिटं आली तेव्हा वहिनीनं तारीख बघितली होती, तिथी बघितली नव्हती. जन्मभर दोन्ही पंचांगं निभावणाऱ्या बाईकडून हे व्हावं, याचंच तिला जास्त लागलं. ती खाली बसली आणि तव्यावरची पोळी जळली.

परसात सगळं ऐकू गेलं होतं. दादा ग्लास घेऊन दारात आला. चेहरा असा फुललेला की त्याचाच सत्कार आहे. "मग काय, समुद्राकाठी बसून साबुदाण्याची खिचडी खा," तो म्हणाला. "आणि सरबत न्या बरोबर. ग्लास आहेतच." मित्र हसले. वहिनी उठली आणि दुसरी पोळी लाटायला घेतली. "जाऊ द्या वन्सं," ती मला म्हणाली, "नाही तर नाही. माझंच चुकलं." ते ऐकून मला दादाच्या डोक्यात तेच लाटणं घालावंसं वाटलं.

तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. आई येऊन उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

"फत्तेसिंग, तुझा श्रावण कधी लागतो?"

"उद्या, आई. आज तर गटारी."

"आणि संपतो कधी?"

दादा वळून परसातल्या पातेल्याकडे बघायला लागला.

"मी सांगते. राखीला. दुपारी बहिणीकडून राखी बांधून घेतोस आणि संध्याकाळी कोंबडी आणतोस. मला दिसत नाही असं वाटतं तुला. लागताना मराठी, संपताना हिंदी. आणि ही," आईंनी काठी वहिनीकडे केली, "लागताना हिंदी, संपताना मराठी. तुझे पंधरा दिवस दर साली हीच भरते. एका घरात महिना एकाचा अर्धा आणि दुसरीचा दीड, हे कुठल्या पंचांगात लिहिलंय?"

 मित्रांपैकी एकानं ग्लास हळूच खुर्चीखाली ठेवला.

"मालन गुरुपौर्णिमेपासून पाळतेय. राखीला तिचा महिना पुरा होतो. देवाचं देणं फिटलं. ती जाईल, मासे खाईल आणि ते काय सरबत आहे तेही पिईल. राखीनंतरचे पंधरा दिवस तू धरायचे. कांदा-लसूणसुद्धा नाही. आणि ते घर श्रावण पाळणारं आहे म्हणतात, तर माझी जेवणाची सोय आपोआप झाली. मी पण येतेय. मी काय समुद्र बघितलाय?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण आईंसमोर तसं करत नाहीत. वहिनीनं पिठाच्या हातांनीच त्यांच्या पायांना हात लावला. आईंच्या लुगड्याला पीठ लागलं. दादा परसात परतला तेव्हा पातेलं खाली लागलं होतं, आणि ते त्या दिवशी त्यानं स्वतः घासलं. कोणी सांगितलं नव्हतं.

परुळेकरबाईंची अडचणही एका फोनमध्ये सुटली. त्यांच्या शेजारी मोनाबाई फर्नांडिस राहतात. त्यांच्या घरी श्रावण नाही, मासा ताजा असतो, आणि द्राक्षांची वाइन त्या घरीच घालतात. मासे त्या रांधतील, बसायचं दोन्ही घरांच्या मधल्या ओट्यावर, म्हणजे कोणाचा नेम मोडायला नको.

आम्ही चौघी गेलो. आई विमानात खिडकीशी बसल्या आणि उतरेपर्यंत खाली बघत राहिल्या. शनिवारी वहिनीनं माशाला हात लावला नाही, वार मारुतीचा म्हणून. दीड महिन्याचा हिशोब मोडला तरी शनिवार मोडवेना. आम्ही परुळेकरबाईंचं अळू आणि केळीच्या पानावरचा वरणभात जेवलो, बंदरावर फिरलो. आईंनी पाण्यात पाय बुडवले. वहिनी लाटांकडे बघून म्हणाली, "किती आवाज करतो हा. आमच्या सातवीच्या वर्गासारखा."

रविवारी दुपारी ओट्यावर पानं मांडली. मोनाबाई परात घेऊन आल्या. भरलेले बांगडे तव्यावरून थेट, अजून चुरचुरत होते. सुरमईच्या तुकड्या, कोळंबीचं लालभडक कालवण. वहिनीनं ते बघितलं आणि उठून उभी राहिली. मोनाबाईंच्या हातातली पळी घ्यायला तिनं हात पुढं केला, सवयीनं, आम्हाला वाढायला.

"मालन, बस," आई म्हणाल्या.

"आईसाहेब, तुमचं पान तरी..."

"माझं पान मागाहून. आज आधी तुझं."

वहिनी बसली. तिच्या पानात पहिला बांगडा पडला, तेव्हा आमची सगळ्यांची पानं रिकामी होती, आईंचंसुद्धा. आईंनी बाटली जवळ ओढून हुंगली. "द्राक्षंच ना? उपासाला चालतात," असं म्हणून त्यांनी सुनेच्या ग्लासात आपल्या हातानं वाइन ओतली. थेंबभर ओट्यावर सांडली. स्वतःसाठी मात्र पाणीच घेतलं. वहिनीनं ग्लास खालून धरला, शिकवल्यासारखा. वास घेतला, छोटा घोट घेतला, आणि तोंड वाकडं केलं. मग आणखी एक घेतला आणि वाकडं केलं नाही. परातीतली सुरमईची मधली तुकडी तिनं उचलून स्वतःच्या पानात घेतली. कोणाला "तुला हवी का" म्हणून विचारलं नाही. ती गरम जेवत होती, बोटं भाजत होती, फुंकर घालत होती आणि खात होती. मला रडू आलं, आणि ते मी कालवणाच्या तिखट वाफेवर ढकललं.

एवढ्यात तिचा फोन वाजला. दादा. घरी दोडक्याची भाजी करत होता, बिनकांद्याची, आणि त्याला जिरं सापडत नव्हतं. रुचीनं फोन तिच्या कानाशी धरला. मी सवयीनं वाट बघत होते की वहिनी आता "काही नाही, बोला" म्हणेल आणि उठेल.

वहिनीनं तोंडातला घास सावकाश संपवला.

"अहो, मी जेवतेय," ती म्हणाली, "झाल्यावर करते." आणि मानेनं रुचीला खूण केली, ठेव.