घेणेकऱ्यांसाठी भरलेला गडवा

वहिनी गेल्याचं मला कळलं ते मोटारीच्या हॉर्नमुळे. पांढरकवड्याहून यवतमाळला येणारी सरकारी बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी कधी थांबत नाही. त्या सकाळी ती थांबली, हॉर्न वाजतच राहिला आणि खाकी कपड्यातला मारुती ड्रायव्हर धावत दाराशी आला. हा मारुती पूर्वी माझ्या थोरल्या भावाच्या, दादांच्या, मोटारीवर होता. “बाई, वैनीबाई गेल्या. मले सांगाले धाडलं. परतीची गाडी मीच नेऊन राह्यलो, तुमी तयार राहा,” एवढं उभ्याउभ्या सांगून तो पळाला, कारण गाडीत माणसं खोळंबली होती. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते असं, की वहिनी असती तर तिनं त्याला पाणी पाजल्याशिवाय सोडलं नसतं...

याला आता सव्वा महिना होत आला. लिहायला बसते आणि उठते. बाहेर कडी वाजली की हात थांबतो. हा रोग मला सुभद्रावहिनीनंच लावला. तिच्या घरात मी वाढले आणि त्या घरात कडी वाजणं म्हणजे कुणीतरी पैसे मागायला येणं, हे आम्हा सगळ्यांच्या अंगात भिनलं होतं.

दादांची पांढरकवडा ते वणी अशी मोटार चालायची. छप्पन साली आपला मुलूख नव्या राज्यात गेला, त्या उत्साहात त्यांनी दुसरी मोटार उधारीवर काढली. पुढे थोड्याच दिवसांत त्या रस्त्यावर सरकारी गाड्या आल्या आणि दादांचा परवाना गेला. दोन्ही मोटारी पडेल भावात विकल्या, देणी मात्र राहिली. टायरवाले शेठ, मोटारीची बॉडी बांधणारा मिस्त्री आणि पेट्रोल-रॉकेल विकणारे देवरावजी असे तीन घेणेकरी. दादा देवमाणूस, पण दारात कुणी आलं की हा देवमाणूस मागच्या दारानं तुरीच्या शेतात अंतर्धान पावायचा. पुढचं दार वहिनीच्या वाट्याला आलं.

शेवटी ओळखीच्या एका वकिलांनी तिघांना एकत्र बसवून तडजोड लावून दिली. व्याज थांबवायचं. दर महिन्याच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी वकिलांच्या ओसरीवर ज्याच्या त्याच्या रकमेप्रमाणे वाटा द्यायचा, तोवर घरी कुणी जायचं नाही. पण एक हप्ता चुकला, किंवा घरच्यांनी पैसा दडवल्याचं दिसलं, की करार मोडला. मग ज्याला पाहिजे त्यानं कोर्टातून जप्ती आणावी. घराखेरीज जप्त करण्यासारखं आमच्याकडे काही उरलंही नव्हतं. दादा जिनिंगमध्ये मुनीम म्हणून लागले आणि वहिनीनं पुढच्या खोलीत हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रक ड्रायव्हरांसाठी खानावळ काढली. हप्ता तीच नेऊन द्यायची, कारण घेणेकऱ्यांसमोर उभं राहणं दादांना जमत नसे.

घरी यायचं नाही असं ठरलं होतं, तरी देवरावजी यायचेच. ‘सहज’ यायचे म्हणे! पायरीवर उभं राहून घरात डोकावायचे. चुलीवर काय शिजतंय, दोरीवर नवं लुगडं वाळतंय का, सगळं टिपायचे. अंगाला कायम रॉकेलचा वास, त्यामुळे ते आल्याचं नाकालाच आधी कळायचं. वहिनी दाराशी भरून ठेवलेला पितळी गडवा उचलून पुढे करायची. “पानी घ्या, देवरावभाऊ.” “पानी नोको. म्या पानी प्याले नाई आलो.” आमच्याकडे ज्याच्या घरचं पाणी पिऊन बसलो त्याच्या दारात आवाज चढवता येत नाही. म्हणून वसुलीला आलेला माणूस पाणी नाकारतो. हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. वहिनी दर वेळी गडवा पुढे करायची आणि दर वेळी देवरावजी मान फिरवायचे. मला संताप यायचा. एकदा मी म्हटलं, “कशाला त्याच्या मिनतवाऱ्या?” तर म्हणाली, “मिनतवाऱ्या कायच्या वं? तहान लागनच कधी तं.”

अशात माझं लग्न जमलं. मुलगा यवतमाळचा, शाळामास्तर. हुंडा नको, फक्त वऱ्हाडाला नीट जेवू घाला, एवढंच त्यांचं म्हणणं. वर्षभर वहिनीच्या माहेरून थोडे थोडे गहू-डाळ येत होते आणि खानावळीतली थोडी साखर ती बाजूला टाकत होती, तेवढ्यावर लग्न उभं राहणार होतं. दादांचं म्हणणं, कुठल्यातरी देवळात गुपचूप उरकावं, घेणेकऱ्यांना कळू नये. वहिनी उसळली. “लपून लगन केलं तं थे म्हनतीन, पैसे दडवले. मंग घरही जाईन अन् पोरीचं नावही.” दुसऱ्या दिवशी ती त्या महिन्याचा हप्ता आणि अक्षतांची वाटी, दोन्ही घेऊन निघाली. आधी हप्ता द्यायचा, मग हातावर अक्षता ठेवायच्या. टायरवाल्या शेठनी अक्षता घेतल्या आणि पुन्हा हप्त्याच्या नोटा मोजायला लागले. देवरावजींना मात्र तिनं अक्षतांबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली. “भाऊ, कोठी तुमी सांभाळा.”

लग्नघरी कोठी सांभाळायची म्हणजे सगळा शिधा ताब्यात घेऊन कुलूप-किल्लीसह बसायचं. तूप, साखर, गूळ, जे काही निघेल ते त्याच माणसाच्या हातून निघतं. हा मान मामाचा, नाहीतर सख्ख्या काकाचा. वहिनीनं तो सगळ्यात खत्रूड घेणेकऱ्याला दिला! दादा डोक्याला हात लावून बसले. मला तर लग्नच नको वाटायला लागलं. हळद लागलेल्या अंगानं मी रडत होते आणि वहिनी इकडून तिकडे नुसती पळत होती. बसली म्हणून नाहीच.

देवरावजी पहाटेच आले आणि कोठीच्या दारात पाट टाकून बसले. आयुष्यभर पेट्रोल मापलेला हात तो. आचाऱ्यानं तूप मागितलं की हे पळीवरचा फुगवटासुद्धा बोटानं सपाट करून देणार. वऱ्हाड ठरल्यापेक्षा जास्त आलं, तशी बुंदी कमी पडायला लागली. आचारी ओरडायला लागला, “साखर द्या जी!” देवरावजींनी रिकामा डबा उलटा करून दाखवला. मग खोलीभर नजर फिरवली. पोती झटकली, फडताळ उघडलं, कोपऱ्यातली उतरंडही उतरवून पाहिली. दडवलेलं काही असेल तर त्यांना ते हवंच होतं. काही सापडलं नाही. शेवटी त्यांनी आपल्याच घरून साखर आणवली.

कोठीवाला सगळ्यात शेवटी जेवतो, ही रीत. तोवर उन्हं उतरली होती. बुंदी संपली होती, पातेल्याच्या तळाशी वरण उरलं होतं. सकाळपासून त्या बंद खोलीत घामाघूम झालेला तो माणूस बाहेर आला, समोर दिसला तो गडवा उचलून त्यानं घटाघटा रिकामा केला आणि मग त्याच्या लक्षात आलं. वहिनी पदराआड हसत होती.

“फसवलं तुमी मले, वैनी.”

“म्या कायले फसवू? तहान तुमाले लागली.” आणि लगेच म्हणाली, “साखरीचे पैसे खात्यात मांडा.” त्यांनी खरंच मांडले, दमडीही सोडली नाही.

माझ्या लग्नाला आठवडा झाला नसेल, टायरवाले शेठ वकिलांच्या ओसरीवर गरजले, “लग्नाला पैसा आहे आणि मला नाही? उद्याच जप्ती आणतो.” हे मला वहिनीनंच मागाहून सांगितलं. उत्तर दिलं ते देवरावजींनी. “कोठी मी सांभाळत होतो, शेठजी. गाडग्यात हात घालून पाह्यलं म्या. त्या घरात काई नाई. जे येते थे आपल्यालेच येते. करार मोडसान तं आपल्या तिघाइलेही काई भेटनार नाई.” शेठ बसले. मिस्त्रीनं मान हलवली. घर वाचलं.

देणं फिटायला पुढे बरीच वर्षं गेली. देवरावजी येतच राहिले, तसेच डोकावत राहिले, फक्त आता आधी पाणी प्यायचे आणि मग कटकट करायचे. शेवटचा हप्ता गेल्यावर तरी वहिनी स्वस्थ बसेल असं मला वाटलं होतं. कुठलं काय! दाराकडे पाठ करून ती कधी बसलीच नाही. माहेरपणाला गेले की मी म्हणायची, “आता कोण येणार आहे गं?” तर हसायची, आणि कडी वाजली की उठायची. तिला दोन घटका निवांत बसलेलं मी पाहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वहिनी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी देवरावजी आले. काठी टेकत, पाठीतून वाकलेले. रॉकेलचा वास अजून तोच. पायरीवर थांबले. सुतकाच्या घरचं पाणी आमच्याकडे कुणी घेत नाही. माणसं येतात, दोन शब्द बोलतात, तशीच उठतात. गडवा दाराशी पालथा पडला होता.

“पानी दे वं बाई,” ते म्हणाले.

“काका, सुतक आहे...”

“मालूम आहे मले. पयले लय वर्सं नाई म्हटलं या घरच्या पान्याले. आज नाई म्हटलं तं थे उठून येईन.”

मी गडवा विसळला, भरला, त्यांच्या हातात दिला. ते पायरीवर बसून सावकाश पाणी प्यायले. दादा आतल्या खोलीतून बघत होते. मला वाटलं, सवयीनं मागच्या दाराकडे वळतील. ते पुढच्या दारानं बाहेर आले आणि पायरीवर देवरावजींच्या शेजारी बसले. मी रिकामा गडवा उचलला आणि भरून पुन्हा दाराशी ठेवला.