मेथीत भिजलेलं अमृतसर

माझ्या बापसाचं तेरावं परवा झालं. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा बोलते तसंच लिहिते.

बापूस म्हणजे महिपत. रत्नागिरीच्या बंदरात पडाव चालवायचा. आगबोट लांब उभी राहायची, तिथून माणसं किनाऱ्याला आणायची हा धंदा. आणि नाद एकच, अमृतसरच्या बागेवरची छापील चोपडी जमवायची. तिथे गोऱ्या सायबाने बागेत कोंडलेल्या माणसांवर गोळ्या घातल्या, आणि एका गल्लीतून आपल्या लोकांना पोटावर सरपटत जायला लावलं. सरकार ती चोपडी जप्त करायचं, म्हणून ह्याला ती जास्तच हवी. मुंबईचा पाशिंजर पडावात बसला की हा हळूच विचारणार, अमृतसराचं काय आहे का. असलं तर बदल्यात हापूस. नसलं तर त्याची ट्रंक सगळ्यात शेवटी उतरायची. हंगामात आमच्या घरात आंबे कमी आणि कागद जास्त.

एक चोपडं पंजाबी अक्षरातलं होतं. ते घेऊन तासतासभर बसायचा.

आई, म्हणजे मथुरा, म्हणायची, "सुलटं तरी धरा."

"तुला गो काय कळतं सुलटं कुठलं?"

"चित्रातली माणसं डोक्यावर उभी हायत."

माझा जन्म ह्याच्या नंतरचा. पुढचं आईने सांगितलेलं.

मिठाच्या सत्याग्रहाचं साल. पावसाआधी आई रद्दी आणि मेथी भिजवून कुटायची आणि त्या लगद्याने टोपल्या लिंपायची. भोकं बुजतात, कडू मेथीमुळे कीड लागत नाही. त्या दिवशी बापूस समुद्रात, आणि शेजारची चिमा धावत आली. पोलीस वरच्या आळीत घरं उपसतायत म्हणाली. आईने बापसाची चोपड्यांची पेटी उघडली, फाडफाड फाडून सगळं अमृतसर लगद्यात घातलं आणि मुसळ घेतलं. हवालदार आला तेव्हा ती कोपरापर्यंत बरबटलेली. त्याने माळा बघितला, चूल बघितली, तांदळात हात घातला. काय नाय. जाताना लगद्याला बोट लावलं आणि मेथी कमी पडली म्हणाला, आमच्याकडे दुप्पट घालतात. आईने त्याच्यासमोर आणखी मूठभर घातली.

संध्याकाळी बापूस आला. पेटी रिकामी, अंगणात दोन टोपल्या सुकतायत. जेवला नाय. टोपलीसमोर बसून कुठे अर्धं अक्षर दिसतंय का बघत राहिला.

"तुरुंगात गेलो असतो तरी चाललं असतं," म्हणाला. "आता ती माणसं कोणाला ठाऊक होणार?"

"मलाच ठाऊक नायत," आई म्हणाली. "एवढी वर्षं वाचत बसलात, मला एक ओळ सांगितलीत?"

 मग तिने तिसरी टोपली लिंपायला घेतली आणि हा सांगत बसला.

त्या टोपल्यांत तांदूळ भरू देईना. शेवटी कुळीथ भरले. कुळथाला त्याची हरकत का नव्हती ते त्यालाच माहीत.

पुढे पडावात, लग्नाघरी, कोण भेटेल त्याला तो तोंडी सांगायचा. आई शेजारी असली तर नुसतं ऐकायची नाय. तो घाईत असला की म्हणायची, "विहीर ऱ्हायली." मग हा मागे जाऊन विहिरीत उड्या टाकलेली माणसं सांगायचा, आणि मला मध्ये तोडू नको म्हणून वर भांडायचा.

परवा तेराव्याला माणसं जमली तेव्हा आईनेच सांगायला घेतलं. सगळं सांगितलं, विहिरीशी आली आणि गप्प झाली. माणसं वाट बघत बसली.

मग पुढचं मी सांगितलं.