शिक्क्याखालची कात्री

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काउंटरच्या काचेवर सरकारी सूचना चिकटवली आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक्स मिळणार नाहीत. खाली गोल शिक्का असल्यामुळे न वाचताही आदर वाटतो. काल त्याच सूचनेवर कोपर टेकून एक बाई म्हणाल्या, "भाऊ, त्या लाल-काळ्या दोनच द्या. पोराचा ताप उतरला की बास." दुकानदाराने कात्रीने पाकिटातून दोन कॅप्सूल कापून दिल्या.

मीही अशाच सुट्या आणायचो. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात जायच्या. ताईला कधीही कणकण आली की त्यातल्याच एक-दोन मी द्यायचो. तिला शेवटी इस्पितळात नेलं, तेव्हा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, यांच्या जंतूंवर कुठलंच औषध चालत नाहीये. पूर्वी अर्धवट गोळ्या घेतल्या होत्या का?"

मी "नाही" म्हणालो. ताई माझ्याकडे बघत होती.

काल दुकानातून कॅप्सूल घेऊन त्या बाई निघाल्या. त्यांना थांबवायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात दुकानदाराने पुन्हा कात्री उचलली.

"बोला काका. तुम्हाला नेहमीच्या चार ना?"