मुंग्या हायत अजून

घरातलं वायफाय बिघडलं की आमचा जुना टीव्ही-दुरुस्तीवाला जोयड्याहून मोटारसायकलवर येतो. आला की आधी वायफायच्या डब्याला हात लावून बघतो, लेकराचा ताप बघावा तसा.

या खेपेला आईने तो डबा देवळीत, तांब्याच्या हंड्यामागे, विणलेला रुमाल पांघरून ठेवला होता. तिची मालिका सारखी अडकायची आणि टीव्हीवर नुसतं चक्र फिरत राहायचं.

"वैनी, ह्येला भांड्याआड कोंडलासा व्हय?" म्हणत त्याने डबा तुळईच्या खिळ्याला टांगला, बंद करून पुन्हा चालू केला. मग मला टीव्हीसमोर उभं करून स्वतः अंगणात गेला.

वायफायसाठी अंगणात जायचं काही कारण नसतं. पण पूर्वी तिथे अँटेनाचा बांबू होता आणि तो हाच फिरवायचा. बाहेरून ओरडायचा, "आलं काय?" आतून अण्णा, माझे वडील, पडद्यावरची खरखर बघत सांगायचे, "मुंग्या हायत अजून. वाईच नदीकडं फिरव." दोघांचं हे अर्धा अर्धा तास चालायचं. पुढे बांबू गेला, अण्णाही गेले. हा मात्र काम झालं की अजून त्याच जागी जाऊन उभा राहतो.

"आलं काय?"

चित्र स्वच्छ आलं होतं. आई माझ्याकडे बघत होती.

"मुंग्या हायत अजून," मी अण्णांच्याच सुरात म्हणालो. "वाईच नदीकडं फिरव."

बाहेरून त्याचा आवाज आला, हळू.

"फिरवलो, अण्णा. आता बघा."