कागदावरचा पलंग

खापरदेवळीत सरकार तीन रूपांत येतं. एकदा घरपट्टीची नोटीस घेऊन येतं, एकदा रंगाचे डबे घेऊन येतं आन् एकदा पाहणीला येतं. चौथ्या रूपात आलेलं गावातल्या जाणत्या माणसांनीही पाहिलेलं न्हाई.

बेबीनंदाला ही तिन्ही रूपं पाठ होती. हसनाबादपासून नऊ किलोमीटर आत असलेल्या या गावात सरकारी उपकेंद्र आहे, आन् बावीस वर्षांपासून तिथं झाडू, पाण्याचा हंडा आन् किल्ली बेबीनंदाकडं आहे. पगार म्हणावा असा न्हाई, हुद्दा म्हणावा असा न्हाई. गाव तिला ‘दवाखान्यावाली’ म्हणतं. तिच्या डोळ्यांदेखत इमारतीला तीनदा रंग लागला. आधी पिवळा, मंग निळा, आता गुलाबी. दर रंगासोबत नवी पाटी आन् नवं नाव. बेबीनंदा म्हणायची, “बारसं तीनदा झालं लेकराचं. दूध एकानं बी पाजलं न्हाई.”

कारण दोन वर्षांपासून गावाला सिस्टरच न्हवती. पहिली बदली घेऊन गेली, दुसरी आलीच न्हाई. शेजारच्या गावची सिस्टर दर गुरुवारी येणार असं ठरलं होतं. पण दर गुरुवारी भोकरदनला मीटिंग असायची, आन् मीटिंगीचा विषय असायचा, दवाखान्यात पेशंट का येत न्हाईत.

वसुलीला मात्र माणूस कधी कमी पडला न्हाई. दरवर्षी बिल यायचं. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर. दिवाबत्तीचा खांब बेबीनंदाच्या दारातच होता. त्याच्यावर दिवा न्हवता, होल्या पाखराचं घरटं होतं. आरोग्य कर ती जिच्यासाठी भरायची त्या इमारतीला रोज कुलूप लावून तीच घरी यायची. एकदा तिनं ग्रामसेवकाला विचारलं, “भाऊ, हे आरोग्य कुठी हाये?”

“त्याची स्वतंत्र योजना हाये, बाई.”

“मंग कर बी स्वतंत्र गावाकडून घ्या की.”

ग्रामसेवकानं पावती फाडली आन् पुढच्या घरी गेला.

बेबीनंदाचा पोरगा राजानंद जालन्याच्या एमआयडीसीत, सळ्यांच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. शनिवारी मोटरसायकलवर घरी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. त्याची बायको भावना सातव्या महिन्यात होती. तिचं हे दुसरं. पहिल्याच्या वेळी गावात सिस्टर न्हवती, एक टेम्पो होता. हसनाबादच्या फाट्यावर टेम्पोतच झालं, आन् जगलं न्हाई. बेबीनंदा त्याचं रडगाणं गात न्हाई. एवढंच, की तो फाटा आला की ती तोंड दुसरीकडं करती.

अशात बातमी आली. जिल्ह्यावरून पाहणी होणार. सिस्टरा थोड्या आन् गावं फार, म्हणून कुठं आधी द्यायची याचा प्राधान्यक्रम लागणार. जिथं सगळ्यात बेकार अवस्था, तिथं पहिला नंबर.

बेबीनंदा ते ऐकून हसली. आमच्यापेक्षा बेकार कोण असणार? खाट न्हाई, पंखा न्हाई, नळाला पाणी न्हाई, गोळ्यांच्या कपाटात पाली. भावनाला म्हणाली, “पोरी, तुझे दिवस भरायच्या आत सिस्टर येती बघ. आपला पहिला नंबर कोणाचा बाप हुकवत न्हाई.”

हुकवायला बाहेरचा बाप लागलाच न्हाई.

गावची सरपंच उषाबाई. म्हणजे सही उषाबाईची. बाकी सरपंचकी तिचा नवरा रखमाजी करायचा. रखमाजीला दुनियेतली एकच गोष्ट बराबर येत होती, सोयरे येणार म्हटल्यावर घर सजवणं. आमच्याकडं पाहुणे पोरगा पाहायला येणार असले की कोणाचा सोफा येतो, कोणाचं फ्रिज येतं, अंगणात दोन उसन्या मोटरसायकली उभ्या राहतात. पाहुणे गेले की संध्याकाळी ज्याचं त्याला. रखमाजीनं दोन पोरांची लग्नं अशीच जमवली होती. त्यानं मारुतीच्या पारावर माणसं गोळा केली आन् म्हणाला, “पाहणी हाये. गावाची इज्जत ऱ्हायली पाह्यजे.”

बेबीनंदा पाराच्या खाली उभी होती. म्हणाली, “पाटील, ते सोयरे न्हाईत. वैद्याला दुखणं दाखवावं. दागिने कामून दाखवून राह्यले?”

“बेबे, तुला काय कळतं? भिकारडं दिसलं तर देणारा बी हात आखडतो. झगमग दिसलं की माणूस खूष होऊन देतो.”

“सरकार खूष होऊन देतंय, हे कधी पाह्यलं तुमी?”

माणसं हसली. शाळेचे रामप्रसाद सर जरा चाचरत म्हणाले, “बाई म्हणतात ते बराबर आहे, पाटील.”

रखमाजीनं नुसतं विचारलं, “सर, तुमच्या शाळेचा पट किती?”

“अकरा.”

“मंग गप ऱ्हा.”

अकराच्या पटाची शाळा कधी दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळतील याचा नेम न्हवता. तसंही वर्षातले निम्मे दिवस सर कुठलातरी सर्वे करत हिंडत असायचे. कधी घरं मोजायची, कधी माणसं, कधी संडास. पोरांना शिकवायचं राहिलंच तर ते सुट्टीच्या आधीच्या तासात. सरकारला त्यांच्याकडून सगळं मोजून पाहिजे होतं, शिकवलेलं सोडून.

मंग उपकेंद्र सजलं. रखमाजीची धाकटी सून मीना, तिच्या लग्नात आंदण आलेला लोखंडी पलंग गादीसकट आला. शाळेचे पडदे आले. शाळेचा डिजिटल फळाही आला. शाळेत वीज तोडलेली असल्यानं तो तिथं भिंतीलाच टेकून असायचा, इथं येऊनही भिंतीलाच टेकला. रखमाजीच्या घरचा कूलर, कोणाचा पंखा, कोणाच्या आठ प्लास्टिकच्या खुर्च्या. हसनाबादच्या एका खाजगी डॉक्टरकडून बीपीचं यंत्र आलं. इतकं सगळं आलं तेव्हा कोणीतरी विचारलं, “आन् सिस्टर?”

मुलगी दाखवताना धाकटी दाखवायची आन् बोहल्यावर थोरली उभी करायची, ही चाल जुन्या माणसांना माहीत आहे. रखमाजी म्हणाला, “आमची मीना बारावी सायन्स हाये. कॉलेजचा पांढरा कोट हाये तिच्याकडं.” बेबीनंदाकडं वळून म्हणाला, “तू मागं टाकीपाशी उभी ऱ्हाय. बोलावल्याबिगर पुढं यायचं न्हाई.”

बावीस वर्षं जिनं ती फरशी पुसली, तिला त्या दिवशी त्या फरशीवर उभं राहायची मनाई. गावाचं बेबीनंदाला नवल वाटायचं कधीच बंद झालं होतं.

पाहणी अकराला येणार होती, दोनला आली. एक मॅडम, आन् हातात टॅब घेतलेला एक कारकून. आधी पुरणपोळी झाली. मंग तूप जास्त झालं म्हणून ताक झालं. मंग पाहणी.

कारकून टॅबकडं बघून विचारायचा, रखमाजी उत्तर द्यायचा.

“रुग्णखाट?”

“हाये. गादीसकट.”

“पंखा?”

“हाये. कूलर बी हाये.”

“रक्तदाब यंत्र?”

“हे काय, समोर.”

“आपत्कालीन वाहन?”

रखमाजीनं इकडंतिकडं पाहिलं. मंग त्यानं अंगणातल्या आपल्या पांढऱ्या चारचाकीकडं हात केला. “हाये. चोवीस तास.”

“सेवा देणारी व्यक्ती?”

मीना पुढं झाली. कोट तिला लग्नाआधीच्या मापाचा होता, बटनं लागत न्हवती. मॅडमनं हसून विचारलं, “किती दिवसांपासून आहात इथं?”

मीना बावचळली. “लग्न झाल्यापासून.”

रखमाजी मोठ्यानं हसला, म्हणून बाकीचेही हसले. तेवढ्यात टाकीकडून बेबीनंदा पुढं आली. कोणी बोलावलं न्हवतं.

“मॅडम, ही सरपंचाची सून हाये. पलंग तिच्या आंदणाचा हाये. इथं दोन वर्षांपासून सिस्टर न्हाई. माझ्या सुनेला सातवा हाये, पयलं गेलंय. तुमाला खरं लिहायचं असंल तर हे लिहा.”

मॅडमनं कारकुनाकडं पाहिलं. कारकून टॅबवर बोट फिरवत म्हणाला, “मॅडम, यात फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं आहे. मी ‘आहे’ टाकलंय. आता मागं जात न्हाई ते.”

“शेरा लिहायला जागा?”

“शेऱ्याला न्हाई, मॅडम. फोटोला आहे.”

पलंगाचा फोटो निघाला. मॅडम बेबीनंदाला म्हणाल्या, “तुमचं म्हणणं मी लक्षात ठेवते हं, मावशी.” आन् ते त्यांनी जिथं ठेवायचं तिथं ठेवलं असावं, कारण पुन्हा कोणाला ते सापडलं न्हाई. जाताना वस्तूंची छापील यादी दोन प्रतींत भरली. खाली उषाबाईची सही, ग्रामपंचायतीचा शिक्का. एक प्रत जिल्ह्याला. दुसरी, नियमाप्रमाणं, किल्ली ज्याच्याकडं त्याच्या हातात.

संध्याकाळी ज्याचं त्याला द्यायची वेळ झाली. बेबीनंदानं बीपीचं यंत्र परत केलं. डॉक्टर परका माणूस, आन् ते बघता तरी कोणाला येत होतं? शाळेचे पडदे आन् फळा दिला. खुर्च्या, पंखा दिला. गोरगरिबाच्या वस्तू. मंग रखमाजी दोन गडी घेऊन पलंगाला आला, तर दाराला कुलूप आन् पायरीवर बेबीनंदा. हातात यादीची प्रत.

“उघड.”

“कशाला?”

“कशाला म्हंजे? माझ्या सुनेच्या आंदणाचा पलंग हाये तो!”

“व्हता. आता सरकारी हाये. उषाबाईची सही हाये खाली, शिक्का बी हाये. कूलर बी ह्याच्यात हाये. सरकारची वस्तू तुमी घरी कामून न्यायची म्हणता?”

“बेबे, उद्यापासून कामावर यायचं न्हाई तुला.”

“न्हाई येत. पण किल्ली कोणाला द्याची ते लेखी द्या. त्यानं यादी तपासून घ्यावी, तवा देते.”

रखमाजीनं शिव्या दिल्या. त्या बेबीनंदानं बावीस वर्षांत इतक्या ऐकल्या होत्या की त्यातली एकही नवी न्हवती. पलंग तिथंच राहिला. मीना आठ दिवस खाली झोपली.

महिन्यानं पत्र आलं. रामप्रसाद सरांनी पारावर वाचलं. त्रेचाळीस उपकेंद्रांत खापरदेवळीचा नंबर एकेचाळिसावा. ‘सुविधा समाधानकारक असल्याने तूर्त पदभरतीची आवश्यकता दिसून येत नाही.’ पहिल्या नंबराची सिस्टर मिळाली ती अशा गावाला, जिथं पाहणीच्या दिवशी खोलीत शेळ्या बांधलेल्या होत्या.

“त्या शेळ्यायला जेवढी अक्कल व्हती,” बेबीनंदा म्हणाली, “तेवढी आमच्या पारावर बसत न्हाई.”

यावेळी कोणी हसलं न्हाई. जन्मात एकच परीक्षा अशी आली होती जिच्यात नापास व्हायचं होतं. गाव तिच्यातही उसनवारी करून पास झालं.

भावनाच्या पोटात कळ आली ती बुधवारी, सकाळी दहाला, ठरल्या दिवसाच्या बारा दिवस आधी. राजानंद जालन्यात भट्टीसमोर. बेबीनंदानं तिला उपकेंद्रात नेऊन त्या पलंगावर निजवलं. दोन आयाबाया पाशी बसवल्या आन् सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी जालन्याकडं गेलेली, दीड तास लागेल म्हणाले.

बेबीनंदानं फोन ठेवला, कपाटातली यादी घेतली आन् थेट रखमाजीच्या अंगणात गेली. रखमाजी कडक इस्त्रीत, डोक्याला फेटा, भोकरदनला भाच्याच्या साखरपुड्याला निघालेला. गाडी सुरू होती.

“पाटील, गाडी पाह्यजे. भावनाचं सुरू झालंय.”

“मी साखरपुड्याला निघून राह्यलो, दिसत न्हाई का? गाडी बोलव दुसरी.”

“दुसरी कामून? हीच हाये की यादीत.” तिनं कागद पुढं धरला. “आपत्कालीन वाहन, आहे. चोवीस तास तुमीच म्हणल्ते.”

“तो कागद गेला चुलीत!”

ओसरीवर उषाबाई उभी होती. नवऱ्यासमोर तिचा आवाज गावानं कधी ऐकलेला न्हवता. ती पायऱ्या उतरली, कागद बेबीनंदाच्या हातातून घेतला, खालची सही पाहिली. पाहणीच्या दिवशी न वाचता केलेली ती सही तिनं आत्ता पहिल्यांदा नीट वाचली.

“सही माझी हाये,” ती म्हणाली. “गाडी दवाखान्याकडं घ्या. साखरपुडा कुठी पळून चालला न्हाई.”

रखमाजीनं फेटा काढून मागच्या काचेपाशी ठेवला आन् गाडी वळवली.

हसनाबादचा फाटा आला तेव्हा बेबीनंदानं तोंड दुसरीकडं केलं न्हाई. भावनाचं डोकं मांडीवर होतं, वळायला जागाच न्हवती. फाट्याच्या पुढं दोन किलोमीटरवर भावनाचं पाणी गेलं. रखमाजीनं आरशात पाहिलं आन् गाडी जोरात सोडली. भोकरदनच्या सरकारी दवाखान्यात तिला आत घेतलं तेव्हा बारा वाजायला आले होते. साडेबाराला मुलगी झाली. दारातून बाहेर ऐकू यावी इतकी रडली.

सिस्टर बाहेर आली, म्हणाली, “दोघी चांगल्या हायेत.” बेबीनंदानं तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. दोन वर्षांत तिनं खरी सिस्टर एवढ्या जवळून पाहिली न्हवती.

ती अंगणात आली. रखमाजी गाडीचं मागचं दार उघडून आत बघत होता. सीट भिजलेली, काचेपासून सीटवर घसरलेला फेटाही भिजलेला.

“बाई, पोरगी बराबर हाये ना?”

“हाये.”

“बरं झालं.” मंग न राहवून म्हणाला, “हे सीट कव्हर पुरं धुवावं लागतं आता. त्याचा खर्चा कोण देणार?”

बेबीनंदा पदराला हात पुसत म्हणाली, “आरोग्य कर भरलाय मी, पाटील. बावीस वर्षांच्या पावत्या हायेत. दावू का?”